एक नंबर, दोन नंबर

नवे घड्याळ चार दिवसांत बंद पडले, बुटाचा तळ पहिल्याच पावसात सुटला, की मुंबई-ठाण्याच्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘उल्हासनगरचा माल दिसतोय!’ बोलणारा हसतो, ऐकणारेही हसतात. ती वस्तू खरोखर कोठे तयार झाली याची चौकशी कोणीच केलेली नसते. ती दिल्लीची असेल, चीनचीही असेल. या वाक्यात उल्हासनगर हे गावाचे नाव उरलेलेच नाही. ते ‘बनावट’ या अर्थाचे विशेषण झाले आहे. कट्ट्यावरच्या बोलीने एका शहराला दिलेला हा अर्थ गेली कित्येक दशके आपण निर्वेधपणे वापरीत आहोत.

अशा बोलीविषयी आमच्या मनात सरसकट तिटकारा नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. भाषाशुद्धीचा विषय निघाला की काही मंडळींना रस्त्यावरचा प्रत्येक शब्द हद्दपार करावासा वाटतो. परंतु छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राज्यकारभारात घुसलेल्या परकीय शब्दांना पर्याय मिळावेत म्हणून. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘हुतात्मा’ यांसारखे शब्द रुजविले तेही त्याच हेतूने. त्यांचा रोख परकीय शब्दांच्या आक्रमणावर होता, खेड्यातल्या किंवा गल्लीतल्या मराठी माणसाच्या ठसकेबाज बोलण्यावर नव्हे. संत एकनाथांची भारुडे तर जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडूनच बोलतात. आणि खासगी बोलीचे म्हणाल, तर ती प्रत्येक गटाची असते. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवितात. महानुभावांनी आपल्या ग्रंथांसाठी सांकेतिक लिप्या केल्या. आपल्या स्वयंसेवकांत ‘उद्या चंदन आहे’ म्हटले की डबे घेऊन यायचे, हे नव्या माणसाला कोण सांगणार?

बोलीतल्या या शब्दांची चिवटपणाची कथाही मोठी रंजक आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानातील फसवणुकीच्या कलमाचा क्रमांक होता ४२०. त्यावरून ‘चारसोबीस’ हा शब्द घरोघर पोहोचला. १ जुलै २०२४ पासून तो इंग्रजी अमलातला कायदा गेला, भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचे कलम ३१८ झाले. तरी लबाड माणसाला ‘तीनशे अठरा’ म्हणताना अजून कोणी आढळत नाही. काही शब्दांच्या मुशाफिरीचे मात्र कौतुक करवत नाही. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी ही गुन्हेगारी जगतातली परिभाषा. २०२२ साली ती घोषणा बनून विधिमंडळाच्या पायऱ्यांवर घुमली आणि शाळकरी मुलांनाही तोंडपाठ झाली.

‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ यांचेही असेच. मराठीत ‘एक नंबर’ म्हणजे उत्कृष्ट, तर ‘दोन नंबरचा धंदा’ म्हणजे चोरीचा, हिशेबाबाहेरचा. उल्हासनगरात मात्र हे अंक म्हणजे पत्ते आहेत. कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंत सारे शहर आकड्यांनी ओळखले जाते. शहाड स्थानकाच्या बाजूने गेले की सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठल मंदिर लागते. तोच कॅम्प एकचा परिसर. आषाढीला तेथे लोटणाऱ्या गर्दीत मराठी आणि सिंधी असा भेद करू पाहणाऱ्याची फजितीच व्हायची.

हे आकडे कोठून आले? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारण्यात आली होती. देशाची फाळणी झाली, तेव्हा पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध प्रांत मात्र अखंड पाकिस्तानात गेला. पंजाबी हिंदूला अर्धा पंजाब उरला, बंगाली हिंदूला पश्चिम बंगाल उरला. सिंधी हिंदूला आपली भाषा बोलणारा एक तालुकाही उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि उरलीसुरली आशाही संपली. जहाजांनी आणि आगगाड्यांनी आलेल्या या हिंदूंपैकी लाखाच्या आसपास माणसे कल्याणच्या त्या लष्करी बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी होऊन उल्हास नदीवरून तिचे नामकरण झाले. बराकींचे क्रमांक तेवढे चिकटून राहिले. इतरांनी या माणसांना ‘निर्वासित’ म्हटले, ‘शरणार्थी’ म्हटले. त्यांच्यातील स्वाभिमानी माणसांना हे शब्द टोचत. ते स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवीत. एका शब्दाला दुसऱ्या शब्दाने दिलेले इतके बाणेदार उत्तर आम्हांला दुसरे आठवत नाही.

त्यांनी पापड लाटले, आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, शिवणयंत्रे मांडली, लाकूडकाम सुरू केले. पुढे आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी वस्तूंचे वेड मात्र वाढतच राहिले. परवाना राज्याने निर्माण केलेली ही टंचाई होती. लहान कारखानदारांनी तशाच दिसणाऱ्या वस्तू स्वस्तात तयार केल्या. त्यांवरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तेव्हापासूनचा. नकली छाप मारणे हा गुन्हाच, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. शहराच्या अनधिकृत इमारतींचा प्रश्न तर इतका गंभीर झाला की त्यांच्या नियमितीकरणासाठी राज्याला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. या गोष्टींवर टीका करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण परदेशी शिक्का पाहून हरखणारे गिऱ्हाईक कोण होते? दादर, गिरगाव, ठाणे, पुणे येथील आपणच ना? गिऱ्हाईकाच्या हव्यासाला मात्र बोलीने कोणतेच टोपणनाव दिले नाही.

‘चारसोबीस’ हा शब्द कृत्याला लागतो. ज्याने फसविले त्यालाच तो झोंबतो. ‘उल्हासनगरचा माल’ हा शब्दप्रयोग, ज्याने कोणालाही कधी फसविले नाही अशा शिक्षकाला, परिचारिकेला, बँकेतल्या कारकुनालाही लागतो. सदाशिव पेठेतील माणसाला ‘सदाशिवपेठी’ म्हटले तर तोच अधिक हसतो, कारण ती थट्टा त्याच्याच भाषेतली, त्याच्याच घरातली आहे. बाहेरून चिकटविलेल्या नावाचे तसे नसते. मुंबईत मराठी माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणविले जात होते, तेव्हा त्याचा अर्थ ‘घाटावरचा’ एवढाच आहे, असे कोणी समजावून सांगितले असते तर आपल्या आजोबांचे समाधान झाले असते काय?

आणि हिणवितो तरी कोणाला? ज्या नदीच्या नावातून ‘हिंदू’ हे आपले नाव निघाले, त्या सिंधूच्या काठची ही माणसे. सक्करच्या तुरुंगात २१ जानेवारी १९४३ रोजी फाशी गेलेला हेमू कलानी अवघा एकोणीस वर्षांचा होता. राष्ट्रगीतातून ‘सिंध’ हा शब्द काढावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००५ साली न्यायालयाने ती फेटाळली, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. राष्ट्रगीतातल्या सिंधसाठी छाती फुगवायची आणि सायंकाळी जेवणाच्या ताटावर ‘सिंध्याचा माल’ म्हणून हसायचे, या दोन गोष्टी एकाच घरात कशा नांदतात?

मुले हे शब्द शाळेतून आणतात असे पालक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ‘लोचा’, ‘राडा’, ‘झोल’ ती बाहेरून आणतात, आणि वय वाढले की त्यांतले बरेचसे गळूनही पडते. जातीची, प्रांताची, गावाची टोपणनावे मात्र त्यांना बहुधा घरातच मिळतात, तीही मोठ्यांच्या हसण्यासकट. ‘लोचा’ म्हटल्याबद्दल कान पकडणारे वडील ‘उल्हासनगरचा माल’ स्वतःच म्हणत असतात.

१९६७ साली सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तरीही उल्हासनगरातल्या नव्या पिढीच्या तोंडी आजीची सिंधी कमी आणि हिंदी अधिक आहे. अरबी वळणाची लिपी वाचता येत नाही, देवनागरीत मजकूर पुरेसा नाही, अशी तिची कोंडी आहे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर येथील मराठी घरांपासून कॅम्प एक काही मिनिटांच्या अंतरावर आहे. चेटीचंडला तेथे झुलेलालची मिरवणूक निघते. चेटीचंड म्हणजे पाडव्याच्या सुमारासच येणारे त्यांचे नववर्ष. त्या दिवशी किती मराठी कुटुंबे शेजारच्या सिंधी घरी शुभेच्छा द्यायला जातात, याची मोजदाद त्या भागातील शाखांनी येत्या वर्षी अवश्य करावी.