उरकलेलं लग्न

"करोनात उरकून घेतलं बिचाऱ्यांनी."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. भारतात फोन केला की कुणीतरी म्हणतंच. ज्या लग्नाबद्दल म्हणतात त्या लग्नाला मी हजर होतो, फोटोही मीच काढलेत. म्हणून आज एकदाचं लिहून टाकतो.

गोष्ट ऑक्टोबर २०२० ची. माझ्या ऑफिसातला सांगलीचा मुलगा आणि लंडनमध्ये नोकरी करणारी कोल्हापूरची मुलगी. मे महिन्यातला सांगलीचा मुहूर्त, कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापलेल्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि सगळं बोंबललं. शेवटी दोघांनी ठरवलं, इथेच करू. जागा निवडली ब्रायटनचं ग्रँड हॉटेल. समुद्रासमोरची १८६४ सालची पांढरी इमारत. महाग, पण पाहुणे तीसच, म्हणून परवडणारं.

तीसची यादी झाली आणि सरकारने २८ सप्टेंबरपासून आकडा पंधरावर आणला. नवरा-नवरी धरून पंधरा! एका संध्याकाळी निम्मी यादी कापायची होती. त्या संध्याकाळी नवरी रडली, हे मला नंतर कळलं. आणखी एक गोष्ट नंतर कळली, ती मात्र अजून टोचते. मी पैसे घेणारा फोटोग्राफर नव्हतो, हौशी होतो, म्हणून माझी गणती पाहुण्यांत झाली. पंधरावा माणूस मी. माझ्यासाठी जिचं नाव कापलं ती नवरीची सख्खी मावसबहीण, पोर्ट्समथला राहणारी. कारण सरळ होतं. दोन्हीकडचे आईवडील येऊ शकत नव्हते, त्यांना जे काही दिसणार ते माझ्या फोटोंतूनच.

आता त्या दिवसाबद्दल. पाहुण्यांच्या तोंडाला मास्क, नवरा-नवरीला सूट. टेबलाला जास्तीत जास्त सहाजण. नाच नाही, रात्री दहाला सगळं बंद. दोन मीटर अंतर ठेवायचं म्हणून मी ८५ ची लेन्स लावून भिंतीला टेकून उभा. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, खिडकीतून समुद्राचा झगझगीत उजेड, म्हणजे चेहरे काळे पडणार. पण मास्कवर उरतात फक्त डोळे, आणि मोजके डोळे असले की प्रत्येक जोडीकडे बघायला वेळ मिळतो. नवऱ्याचा जुना रूममेट सही करताना कसा थरथरत होता ते माझ्याकडे आहे. पाचशेच्या लग्नात तो मला दिसलाही नसता.

इथल्या सरकारी लग्नात धार्मिक काही चालत नाही. म्हणून रजिस्ट्रारबाई गेल्यावर लॅपटॉप उघडला आणि मंगलाष्टकं झूमवर सांगलीहून आली. आवाज तीन सेकंद उशिरा. त्यामुळे "सावधान" आमच्यापर्यंत पोचेपर्यंत सांगलीत अक्षता पडूनही गेल्या होत्या. पडद्यावरच्या चौकोनात आजी हात जोडून बसली होती. कॅमेरा कुठे आहे हे न कळल्यामुळे तिने आशीर्वाद दिला तो खिडकीला.

हे गोड वगैरे नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. "छोटं लग्न किती छान" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. आजी २०२१ च्या मे महिन्यात गेली. नातजावयाचा हात तिने कधीच हातात घेतला नाही. पंधराचा आकडा क्रूरच होता.

पण त्या क्रूर आकड्याने एक प्रश्न विचारायला लावला, जो आपण एरवी कधीच विचारत नाही: या लग्नाला नक्की कोण हवंय?

मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर. त्या हॉटेलात १२ ऑक्टोबर १९८४ ला पहाटे बॉम्ब फुटला. मार्गारेट थॅचर तिथेच उतरल्या होत्या, त्या वाचल्या, पण पाच माणसं गेली. वरचं अवजड धुराडं मजल्यामागून मजले फोडत खाली आलं. बाकीची इमारत मात्र उभी राहिली आणि दुरुस्ती होऊन १९८६ साली हॉटेल पुन्हा सुरू झालं. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो: भार पेलणारी भिंत कुठली आणि नुसती आडोशाची कुठली? ते माहीत नसेल तर हातोडा उचलायचा नाही. लग्नाच्या यादीत हा फरक आपल्याला माहीतच नसतो. आपण सरसकट भिंती बांधत सुटतो आणि त्यासाठी कर्ज काढतो.

कायद्याला किती माणसं लागतात? इंग्लंडात दोन साक्षीदार, आपल्या विशेष विवाह कायद्यात तीन. हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. स्टेज, ड्रोन आणि एलईडी पडदा कुठल्याच कलमात नाही. आणि साध्या लग्नाचा विचार काही साहेबाकडून आलेला नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि बिनखर्चाची, बिनभटजीची लग्नं लावून दाखवली. दीडशे वर्षांत आपण त्यातलं काय घेतलं?

महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये नियम आला: लग्नाला पंचवीस माणसं, दोन तासांत आटपायचं, मोडलात तर पन्नास हजार दंड. तेव्हा लोक कळवळले ते दंडासाठी आणि "लोक काय म्हणतील" यासाठी. म्हणतील काय? लोक तर घरी बसले होते!

तुम्ही म्हणाल, बँडवाले, मांडववाले, आचारी, फोटोग्राफर यांनी काय खायचं? प्रश्न खरा आहे, त्या दोन वर्षांत ही माणसं अक्षरशः होरपळली. पण त्यांचं पोट भरायला मुलीच्या बापाने मुदत ठेव मोडावी, ही कुठली रोजगार योजना? तुम्ही असंही म्हणाल की जे लग्नाला येतात तेच अडीअडचणीला धावतात. मान्य. मग त्यांनाच बोलवा ना. बाकीचे पाचशे कोण?

असो. गोष्ट संपलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरात सांगलीत त्याच दोघांचं "खरं" लग्न लागलं. आठशे पान. मुलीच्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे मोडले, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तेही अभिमानाने. स्टेजवर तीन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला, चौघांची पाठ आमच्याकडे. लग्न चालू होतं समोर आणि आम्ही ते बघत होतो बाजूच्या पडद्यावर. म्हणजे पुन्हा झूमच की! फरक एवढाच की सांगलीच्या आजीला निदान नाइलाज होता.

पोर्ट्समथची मावसबहीणही आली होती. या वेळी तिचं नाव यादीत होतं. तिने चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून आहेर दिला, एक फोटो झाला, आणि व्हिडिओवाला म्हणाला, "चला, पुढे चला."

ब्रायटनला ती यादीत नव्हती, तरी आली होती. नवऱ्याला घेऊन, समोर समुद्राकाठच्या रस्त्यावर, वाऱ्यात छत्री उलटी झालेली. लग्न लागल्यावर दोघं बाल्कनीत आले. ती खालून ओरडली, "अगं, नीट बघ ना इकडे!" नवरीने बघितलं आणि दोघी एकदम रडायला लागल्या. तो फोटो जरा हललाय, माझा हात हलला. नवरीने तोच घरात लावलाय. सांगलीच्या अल्बममधला एकही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "उरकलं" म्हणण्याआधी जरा थांबा, आणि दोन्हींपैकी नक्की कुठलं लग्न उरकलं होतं ते मला सांगा.