मधल्या स्थानकावर उतरा

पुणे-दौंड मार्गावर केडगाव लागतं. सोलापूरकडे निघालेले आपण तिथे सहसा उतरत नाही. पंडिता रमाबाईंनी इंग्लंड-अमेरिका पाहिली, १८८९ साली अमेरिकेवर मराठीत भरगच्च पुस्तक लिहिलं आणि पुढे आयुष्यातलं सर्वांत मोठं काम उभं केलं ते याच गावात. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना त्यांच्या इथल्या मुक्ती मिशनने आसरा दिला. तिथल्या मुली छापखानाही चालवत. १९२२ मध्ये रमाबाईंचं निधन केडगावातच झालं. जग पाहिलेल्या बाईंना हे गाव पुरेसं मोठं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

केडगावजवळच्या चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूर तालुक्यात शिरलं की घोड नदीकाठचं इनामगाव गाठता येतं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं: घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. आईबापांना लेकरू उंबऱ्याबाहेर द्यायचं नसावं, असं मला वाटतं.

परदेशातली छोटी गावं आपण हौसेने हिंडतो, तिथल्या चौकात तासन्‌तास बसतो. तेवढाच वेळ शिरूर-दौंडला द्यावा, म्हणून हा अंक. हिवाळ्यात जा. गुऱ्हाळावर थांबा, पारावरच्या म्हाताऱ्यांना वाट विचारा आणि मुक्काम करा.