पक्षाघात, मेंदूची प्रतिमा आणि आपला अधिकार

पक्षाघाताचा रुग्ण म्हटला की तो साठी उलटलेला असावयाचा, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. चाळिशी-पन्नाशीतील कर्ती माणसे या व्याधीने ग्रस्त होऊन आपल्याकडे येत आहेत. त्यांच्या जोडीला दुसराही एक वर्ग दिसतो. डोकेदुखी, चक्कर किंवा विस्मरण यांसाठी एमआरआय केला, अहवालात चार अपरिचित शब्द आले आणि ते वाचून झोप उडाली, अशी ही मध्यमवयीन मंडळी. पहिल्या वर्गाची हानी विलंबाने होते, दुसऱ्याची भीतीने. या दोन्ही हानींत वैद्य व औषधविक्रेता यांच्या वर्तनाचा वाटा किती, याचा विचार आपल्याच व्यासपीठावर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, जीभ जड होणे किंवा समोरच्याचे बोलणे न उमगणे, दृष्टी जाणे, तोल जाणे, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी : यांपैकी कोणतेही लक्षण अचानक उद्भवले, तर तो पक्षाघातच असे गृहीत धरावे. केवळ चेहराच वाकडा असेल तर कपाळाला आठ्या पाडावयास सांगावे. सामान्यतः अर्दितात त्या बाजूचे कपाळही निश्चल राहते, तर मेंदूतील विकृतीत आठ्या पडतात. तथापि शंका उरल्यास रुग्णाला रुग्णालयातच धाडावे.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी अवरुद्ध झाली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित २००६ साली मांडले गेले. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीद्वारे काढण्याची मुदत २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाढली. पण तीही लवकर पोहोचणाऱ्यालाच अधिक फळते. म्हणून नाडी पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा : रुग्ण पूर्णपणे ठीक असा शेवटचा कोणी, किती वाजता पाहिला? ती वेळ चिठ्ठीवर लिहावी, रक्तातील साखर तपासावी, कारण साखर उतरल्यानेही असेच चित्र दिसते. आणि १०८ ला फोन करावा.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते; म्हणून काढा, मधातील मात्रा, पाणीसुद्धा तोंडाने देऊ नये. नस्य, अभ्यंग, स्वेदन यांची ही वेळ नव्हे. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवू नये. ॲस्पिरिनही देऊ नये. अवरोध आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनखेरीज कळत नाही. औषधविक्रेत्यांनाही विनंती अशी, की ‘वारे गेले आहे, काहीतरी द्या’ म्हणत नातेवाईक आले, तर एकांगवीर रसाची बाटली काढण्याआधी ‘केव्हा गेले?’ एवढे विचारावे.

दोन फसवे प्रसंग येथे नमूद करतो. हात लुळा पडला आणि दहा मिनिटांत पूर्ववत झाला, की घरचे लोक निर्धास्त होतात. वास्तविक हा मोठ्या आघाताचा इशारा असतो, आणि पहिले ४८ तास सर्वाधिक धोक्याचे. दुसरा प्रसंग ‘सीटी नॉर्मल’ असल्याचा. सीटीत रक्तस्राव तत्काळ दिसतो, परंतु अवरोधजन्य विकृती पहिल्या काही तासांत न दिसणे शक्य असते. अशा अहवालाच्या भरवशावर रुग्णाला घरी ठेवून घेणे धोक्याचे होय.

यावर काही व्यवसायबंधू विचारतात, रुग्ण रुग्णालयात धाडला तर आयुर्वेदाची प्रतिष्ठा ती काय राहिली? आमचे उत्तर संहितेतच आहे. गुल्म पक्व झाला असता तेथे धान्वंतरीयांचा अधिकार, असे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. कायचिकित्सेच्या आद्य ग्रंथाला जे सांगण्यात कमीपणा वाटला नाही, ते आचरण्यात आपणास का वाटावा?

आता दुसऱ्या वर्गाविषयी. पंचेचाळिशीचे एखादे शिक्षक अहवाल पुढे ठेवतात. त्यात ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड वन’ असे लिहिलेले असते आणि त्यांनी स्वतःला पक्षाघाताचा रुग्ण ठरवून टाकलेले असते. श्वेतद्रव्यातील असे बारीक ठिपके वयोमानाने वाढतात, अर्धशिशीच्या रुग्णांतही आढळतात. रॉटरडॅम येथील अभ्यासात ४५ वर्षांवरील २००० सर्वसामान्य व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७.२ टक्के लोकांत पूर्वी कधीही न जाणवलेले इन्फार्क्ट सापडले. तेव्हा ठिपका दिसला म्हणजे आयुष्य संपले, असे नव्हे. मात्र ‘काही नाही हो’ म्हणून फिल्म परत करणेही तितकेच अनुचित. तरुण वयात ठिपके पुष्कळ असणे, किंवा मूक इन्फार्क्ट आढळणे, ही सूक्ष्म स्रोतसांच्या विकृतीची सूचना असू शकते. अशा व्यक्तीचा रक्तदाब, साखर, मेद, हृदयाची लय, तंबाखू, मद्य, निद्रा यांची कसून चौकशी व्हावी आणि मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास या ठिपक्यांची वाढ मंदावते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. ठिपके पुसून टाकणारे औषध मात्र कोणत्याही शास्त्राजवळ सिद्ध झालेले नाही. ब्राह्मीच्या वा सुवर्णकल्पाच्या नावाने तशी हमी देणे, ही रुग्णाची वंचना आहे.

येथे आपल्या कपाटाकडेही पाहणे इष्ट. रक्तदाबाच्या रुग्णाला दीर्घकाळ दिलेले ज्येष्ठमध रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते. लवणभास्कर चूर्णात मीठच असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना लशुनाचे कल्प जपून द्यावेत. आणि आपल्या औषधाने बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करावयास कोणी सांगू नये.

मग आपले काय उरते? पुष्कळच उरते. निदानपरिवर्जन, दिनचर्या, आहारविहार, हे आघातापूर्वीचे क्षेत्र आपलेच. आघातानंतर रुग्ण स्थिर झाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय झाला, की स्नेहन, स्वेदन, मृदू विरेचन, बस्ती यांचा युक्तिपूर्वक उपयोग भौतिकोपचाराच्या जोडीने करता येतो. शुद्ध वाताचा पक्षाघात अत्यंत कृच्छ्रसाध्य, अन्य दोषांनी संसृष्ट तो साध्य आणि क्षयजन्य असाध्य, हा सुश्रुताचार्यांचा विवेक नातेवाइकांना प्रारंभीच सांगावा. खोटी आशा दाखवू नये.

संघटनेकडे आमची एक मागणी आहे. पक्षाघाताची लक्षणे आणि चोवीस तास सीटी व गुठळी विरघळविण्याची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, एवढाच मजकूर असलेला फलक प्रत्येक सभासदाच्या चिकित्सालयात व औषधालयात लागावा. खर्च नगण्य आहे. परंतु गावात पहिली हाक अजूनही वैद्यालाच येते, आणि त्या हाकेला योग्य उत्तर मिळाले तर एखादा कर्ता हात कायमचा लुळा पडण्यापासून वाचेल.