गेम कुठला, ते तरी विचारा!

‘गेम खेळणं’ हा आपल्याकडे एकच गुन्हा आहे. कलम एक, शिक्षा एक. घरी आईबाबा असोत, होस्टेलवर रेक्टर असोत, नाहीतर ओरलला समोर बसलेले एक्स्टर्नल असोत, ‘ही गेम खेळते’ एवढं कळलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. आता असं बघा, ‘ही पुस्तकं वाचते’ म्हटलं की लगेच ‘कुठली?’ असा प्रश्न येतो. ‘ही पिक्चर बघते’ म्हटलं तरी ‘कुठला बघितलास?’ असं विचारतात. मग गेमनेच काय घोडं मारलंय?

आधीच सांगते, मी काही ‘प्रो’ वगैरे नाही. सबमिशन संपल्यावर आणि पीएल लागायच्या आधी जी चार दिवसांची फट मिळते त्यात, आणि रविवारी मेसचं जेवण झाल्यावर झोप नाही आली तर खेळणारी. माझी रँक विचारू नका, हसाल! पण क्रिकेटवर बोलायला आपल्या टपरीवर कुणाला रणजी खेळलेलं असावं लागत नाही, त्या न्यायाने मलाही मत आहेच.

मंडळी, गेम्सच्या जाती पुष्कळ. त्यातल्या आपल्या होस्टेलमध्ये चालतात त्या मुख्य तीन : स्ट्रॅटेजी, शूटर आणि रोल-प्लेइंग, म्हणजे आरपीजी. तिन्ही वेळ खातात हे कबूल. पण खायची पद्धत वेगळी, आणि बदल्यात काय देतात तेही वेगळं. माझा सगळा वाद एवढ्यावरच आहे.

आधी राज्यकारभार

स्ट्रॅटेजी म्हटलं की ‘एज ऑफ एम्पायर्स २’. १९९९ साली आलेला गेम, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठा! २०१९ मध्ये त्याची नवी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली आणि आजही लोक तो खेळतात. का? कारण त्याचं गणित पक्कं आहे. अन्न, लाकूड, सोनं, दगड, एवढ्या चार गोष्टी. भालेवाला घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, तिरंदाज भालेवाल्याला भारी. कुणीच अजिंक्य नाही. समोरच्याने काय केलंय ते बघून आपण ठरवायचं.

नवीन खेळणारे सगळे सैन्याच्या मागे लागतात. खरी लढाई गावातच हरलेली असते. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागतं. म्हणजे तुमचं टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं बसलं तर जवळजवळ पाच गावकरी कमी. ते पाच जण पुढे अर्धा तास लाकूड तोडणार होते! ‘आयडल टाइम’ महाग का असतो, हे मला वर्गात नाही, इथे कळलं. प्रोसेसर रिकामा ठेवू नये, लेथ रिकामा ठेवू नये, टाउन सेंटर रिकामं ठेवू नये. मेकॅनिकलवाल्यांना आणि कॉम्प्युटरवाल्यांना एकदमच पटावं असं हे एकमेव उदाहरण असेल.

दुसरा गेम ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायरने १९९१ मध्ये आणला. त्यातली गांधीजींची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच : गांधीजींचा आक्रमकपणा १ ठेवला होता, लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे, आकडा साठवायला आठ बिट आणि तोही अनसाइन्ड, मग उणे एक होण्याऐवजी तो २५५ झाला आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले! ओव्हरफ्लोचं उदाहरण म्हणून ही गोष्ट कितीतरी जण सांगतात. गंमत म्हणजे ती खरी नाही. खुद्द सिड मायरने २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की असा बग मूळ गेममध्ये नव्हताच. २०१० च्या पाचव्या भागात मात्र गांधीजींची अणुबॉम्बची आवड दहापैकी बारा ठेवली होती, ती मुद्दाम, चेष्टा म्हणून. तेव्हा ‘कोडमध्ये आहे’ म्हणून कुणी काही सांगितलं तर आधी कोड बघा!

आणि आता आपल्या घरची गोष्ट. २००९ मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ आला. त्यात खेळ १७०० साली सुरू होतो आणि मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या पुस्तकात महाराजांनंतर एकदम पेशवेच. त्यामुळे १७०० साली मराठ्यांकडे नक्की कोण होतं, असा प्रश्न पडला आणि मी शोधायला लागले. तर त्याच वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर गेले आणि ताराराणींनी सूत्रं हातात घेतली. पंचविशीतली बाई! पुढे सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली, आणि १७०७ मध्ये तो नगरजवळ मेला तो दख्खन न जिंकताच. हे मी वाचलं ते एका ब्रिटिश कंपनीच्या गेममुळे. याला वेळ वाया घालवणं म्हणायचं का? तुम्हीच सांगा.

स्ट्रॅटेजीचा दोष एकच. मॅच हरत असलेला माणूस ‘अजून दहा मिनिटं’ म्हणत पाऊण तास काढतो. उद्या व्हायवा असेल तर हात लावू नये.

मग मारामारी

शूटर म्हटलं की मोठ्यांच्या कपाळाला आठ्या. ‘नुसतं ठो-ठो!’ आमच्या विंगमध्येसुद्धा ‘काउंटर-स्ट्राइक’ चालू असलं की मजल्यावर धरणीकंप असतो, ते मी नाकारत नाही. पण जरा आत डोकावून बघा.

काउंटर-स्ट्राइक हा मुळात १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर दोन हौशी पोरांनी बसवलेला मॉड. कंपनीने नंतर तो विकत घेतला. विद्यार्थ्यांनी फावल्या वेळात केलेली गोष्ट चोवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘काउंटर-स्ट्राइक २’ म्हणून पुन्हा बाजारात येते. आपल्या मिनी प्रोजेक्टचं असं होईल का कधी? असो.

त्यात नेम महत्त्वाचा हे खरं, पण नेम असूनही टीम हरते. का, तर पैसा! सुरुवातीला हातात ८०० डॉलर. एके-४७ ची किंमत २७००, ती मोठी स्नायपर रायफल ४७५०. पहिली राउंड हरलात की पाचही जणांनी ठरवायचं : आत्ता खर्च करायचा, की ही राउंड सोडून देऊन पुढच्यासाठी साठवायचा. चौघांनी साठवले आणि पाचव्या शहाण्याने बंदूक घेतली की सगळ्यांचं वाटोळं. महिनाअखेरीला आमच्या रूमचं बजेट याच तत्त्वावर चालतं आणि याच कारणाने कोसळतं! दुसरं म्हणजे एकदा मेलात की ती राउंड संपेपर्यंत जिवंत होणं नाही. गप्प बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा. मला तर वाटतं, उतावळ्या माणसाला यापेक्षा चांगली शिक्षा नाही.

‘पण त्याने मुलं हिंसक होतात!’ ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे हजार ब्रिटिश मुलांवर अभ्यास करून सांगितलं की हिंसक गेम्स आणि मुलांची आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने वाद मिटत नसतो हे मला कळतं. पण निदान ‘सिद्धच झालंय’ असं कुणी म्हणू नये.

माझी शूटरबद्दल तक्रार वेगळीच आहे, आणि ती गोळीबाराची नाही. ऑनलाइन खेळताना मी माइक चालू केला की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘अरे, मुलगी आहे!’ पुढे दोनच प्रकार. एक तर कुणीतरी माझा अंगरक्षक बनतो आणि मला खेळूच देत नाही. नाहीतर शिव्या सुरू, अशा की इथे छापता येणार नाहीत. आम्ही खेळणाऱ्या बहुतेक जणी माइक बंद ठेवून खेळतो. ज्या गेममध्ये बोलणं हे निम्मं हत्यार आहे, तिथे आम्ही मुक्या! मित्रांनो, ‘मुली खेळतच नाहीत’ असं जे तुम्ही म्हणता ना, त्या खेळतात. तुम्हाला ऐकू येत नाहीत एवढंच.

लॅनवर हे होत नाही, कारण तिथे शिवी देणारा सकाळी पोह्यांच्या रांगेत समोर उभा असतो. त्याच्याकडे बघून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की बास!

शेवटी शिडी

आरपीजी हा माझा लाडका प्रकार, त्यामुळे त्यालाच जास्त बोलणार.

याचं मूळ १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मध्ये. कागद, पेन्सिल, फासे आणि गोष्ट सांगणारा एक जण. कॉम्प्युटरने फासे आत घेतले, बाकी गाभा तोच. चांगला आरपीजी तुम्हाला निवड करायला लावतो आणि मग ती निस्तरायला लावतो. २०१५ च्या ‘विचर ३’ मध्ये एक सरदार आहे. दारुडा, बायकोला मारणारा. बायको-मुलगी घर सोडून गेल्यात, आणि हा तुम्हाला म्हणतो, शोधून द्या. सुरुवातीला त्याचा नुसता राग येतो. पुढे पुढे त्याची कीवही येते, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग येतो. मी लॅपटॉप बंद करून रूम पार्टनरशी तासभर भांडले की याला माफी आहे की नाही. माझं म्हणणं, नाही. तिचं म्हणणं वेगळं. एवढी चर्चा आमची ‘व्हॅल्यू एज्युकेशन’ च्या तासाला कधी झाली नव्हती.

पण हे सगळं इंग्रजीत, तेही पानंच्या पानं. मला अडत नाही. मराठी माध्यमातून आलेली माझी रूम पार्टनर, जी गणितात माझ्या चार पावलं पुढे आहे, तिला मात्र प्रत्येक संवादाला थांबावं लागतं. गोष्टीचा रस असा निम्मा गळून जातो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. भावाला सोडवायला निघालेली बहीण, भोवती आपल्या पुराणातले देव-असुर. तो तसा आरपीजी नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. पण पुण्यात बसून असा गेम करता येतो, एवढं तर त्याने दाखवलं. आता कुणीतरी भरपूर गोष्ट असलेला, मराठीत बोलणारा आरपीजी काढा की! कॉम्प्युटर डिपार्टमेंट, ऐकताय ना?

आता दोष. ‘एज’ च्या प्रत्येक मॅचला मी शून्यापासून सुरू करते. काल जे शिकले ते फक्त डोक्यात असतं. आरपीजीमध्ये मात्र माझं पात्र तिसाव्या लेव्हलला असतं, आणि मी? मी तिथेच! तलवार त्याची वाढली, बॅकलॉग माझा वाढला. लेव्हल वाढल्याचा तो ‘टिंग’ आवाज फार गोड असतो. आपण पुढे जातोय असं वाटतं. पण ‘विचर ३’ ची मुख्य कथा सुमारे ५० तासांत संपते. गोष्ट संपली की माणूस उठतो.

खरी गडबड पुढेच आहे. ही लेव्हलची शिडी आरपीजीमधून निघून सगळीकडे घुसली. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ ने ती शूटरमध्ये रुजवली, आणि आता मोबाइलवरचा जवळजवळ प्रत्येक गेम म्हणजे शिडीच : रोज लॉगिन केलंत तर बक्षीस, आज नाही आलात तर बुडालं, सीझन पास, अमुक तारखेपर्यंत तमुक पोशाख. गोष्ट नाही, त्यामुळे शेवट नाही. हे खेळणारी मुलं मला खेळताना दिसत नाहीत, हजेरी लावताना दिसतात! ७५ टक्के अटेंडन्सला शिव्या घालणारे आपण, गेमची अटेंडन्स मात्र शंभर टक्के ठेवतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हा गेम संपतो का? मॅच संपते, गोष्ट संपते, तर खुशाल खेळा. आणि चार दिवस नाही खेळलात तर गेम तुम्हाला दंड करतो का? करत असेल तर तो तुमच्याशी खेळतोय.

रेक्टर सरांना आणि मॅडमना विनंती

रात्री अकरानंतर सगळंच बंद, असा नियम सोपा असतो हे मान्य. पण त्याने नेमकं उलटं होतं. चौघी मिळून एका खोलीत हसत-भांडत खेळायचा लॅनचा गेम बंद पडतो, आणि पांघरुणाखाली एकटीने मोबाइल डेटावर खेळायचा गेम चालूच राहतो. बंद कुठला करायला हवा होता?

सरकारलासुद्धा फरक करावासा वाटला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. देशाला जमतं ते होस्टेलला का नाही जमणार?

माझी सूचना एवढीच : महिन्यातून एका शनिवारी दुपारी डिपार्टमेंटची लॅब उघडा. दोन्ही होस्टेलसाठी, समोरासमोर, लॅनवर. ‘एज’ आणि जुनं ‘काउंटर-स्ट्राइक’ लॅबच्या जुन्यापुराण्या मशीनवरही चालतं, भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पाहिजे तर एक स्टाफ मेंबर देखरेखीला बसवा. मात्र सांगून ठेवते, दुसऱ्या शनिवारी तेच टाउन सेंटरवर क्लिक करत बसलेले दिसतील!

आणि मुलग्यांनो, तुम्हालाही एक विनंती. त्या दिवशी शेजारच्या मशीनवर एखादी मुलगी येऊन बसली तर ‘तुला येतं का?’ असं विचारू नका. ‘कुठली बाजू घेतेस?’ एवढंच विचारा, आणि सुरू करा.