देणारा, घेणारा आणि मधला कॅमेरा

थंडी पडली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. एक ब्लँकेट, त्याला धरलेले सात हात, सातही जण कॅमेर्‍याकडे बघून हसताहेत आणि आठवा माणूस, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो खाली बघतोय. ब्लँकेट अजून त्याच्या अंगावर गेलेलं नाही, कारण फोटो व्हायचाय. मंडळं बदलतात, ब्लँकेटच्या जागी कधी वह्या येतात, कधी शिलाई मशीन, दिवाळीत फराळाचे बॉक्स. तो आठवा माणूस मात्र खालीच बघत असतो.

परवा असाच एक आला. मावसभावाच्या सोसायटीचा. मी भाबडेपणाने विचारलं, "फोटो छान आहे, पण त्या आजींना विचारलं होतं का?" त्यावर दोन दिवस ग्रुपवर स्मशानशांतता. बायको म्हणाली, "तुला काय गरज होती? स्वतः वीस वर्षं लोकांचे फोटो काढत फिरतोयस ते विचारून काढलेस का?"

नाही काढले. म्हणून तर हे लिहितोय. मावसभावा, तूही वाच, राग सोड :-)

तर झालं असं. २००९ साली मी नुकताच निकॉनचा डी ६० घेतला होता आणि सोबत एक मध्यम प्रतीची टेलिलेन्स. नवीन कॅमेरा घेतलेला पुण्याचा माणूस पहिल्या वर्षी जिथे जातो तिथे मीही गेलो, म्हणजे वारीला. चालायला नव्हे हो, फोटो काढायला. दिवे घाटात एक वळण आहे, तिथून ज्ञानोबांची पालखी आणि मागची सगळी भगवी रांग एका फ्रेममध्ये येते. त्या वळणावर वारकर्‍यांपेक्षा ट्रायपॉड जास्त असतात की काय असं हल्ली वाटतं. पण ते नंतर. त्या आधी सकाळी हडपसरला आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी रेनकोट वाटायचं ठरवलं होतं, आणि फोटोग्राफर म्हणून मला बोलावलं होतं.

पुण्यात पालखी मुक्कामाला असते तेव्हा काय काय चालतं हे पुणेकरांना सांगायला नको, पण आमच्या बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगतो. चांभार रस्त्याच्या कडेला बसून वारकर्‍यांच्या चपला फुकट शिवून देतात. न्हावी दाढी-कटिंग करतात. कुणी तेल लावून पाय चेपून देतं. चहा, केळी, राजगिर्‍याचे लाडू, कुणी नुसतंच पाणी. आणि याला कुणी मदत म्हणत नाही, सेवा म्हणतात. देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना माऊलीच म्हणतात. मी मुंबईत वाढलेला, मला त्या शब्दातला फरक तेव्हा कळला नव्हता. खरं तर कानावर पडला होता, डोक्यात शिरला नव्हता.

आमच्या स्टोअर्समधले एक सीनियर होते, त्यांना सगळे काकाच म्हणायचे. त्यांनी एका म्हातार्‍या वारकर्‍याला रेनकोट दिला. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, गळ्यात टाळ, चेहर्‍यावर सुरकुत्यांचं जाळं, म्हणजे फोटोग्राफरला हवं ते सगळं. पावसाची भुरभुर चालू होती. बाबांनी दोन्ही हात पुढे केले, काकांचा हात वरून आला, आणि मी शटर दाबलं. लागोपाठ चार-पाच फ्रेम्स आल्या. घरी आल्यावर मॉनिटरवर बघितल्या. पहिली अप्रतिम! पसरलेले दोन हात, वरून येणारा एक हात, मागे धूसर झालेल्या पताका. पुढच्या फ्रेममध्ये काका खाली वाकलेत आणि बाबाही वाकलेत, दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावायला बघताहेत, डोक्याला डोकं आपटायच्या बेतात. चेहरे दिसत नाहीत, काकांचं टक्कल तेवढं चमकतंय. थोडी हललेलीही होती. ती मी बाजूला टाकली.

पहिला फोटो गाजला. आमच्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनात लागला. एका सामाजिक संस्थेने वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी मागितला, मी खुशीत देऊन टाकला. त्यांनी खाली ओळ छापली, "गरजूंसाठी मदतीचा एक हात". मला त्यात काही खटकलं नाही, हे आज कबूल करायला हवं. उलट अहवालाच्या दहा प्रती मागून घेतल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. आत्याकडे अजून असेल एखादी.

पुढच्या वर्षी डोक्यात आलं की बाबांना शोधून एक मोठी प्रिंट द्यावी. दुसर्‍या एका फ्रेममध्ये त्यांच्या दिंडीचा नंबर आला होता, त्यावरून दिंडीवाल्यांना गाठलं, गावाचा पत्ता मिळाला. परभणी जिल्हा. रात्रीच्या नांदेड गाडीने परभणी, तिथून एसटी, शेवटचे दोन किलोमीटर एका मोटरसायकलवर मधे बसून. मांडीवर प्रिंट आणि संस्थेचा अहवाल, दोन्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मनात चित्र असं होतं की पडक्या घरासमोर बाबा बसलेले असतील, फोटो बघून त्यांचे डोळे भरून येतील, आणि त्या क्षणाचाही एक फोटो मिळेल. हो, कॅमेरा चार्ज करून नेला होता.

घर चांगलं चौसोपी निघालं. दारात ट्रॅक्टर. बारा एकर रान, विहीर, दोन मुलगे, सुना, नातवंडं. आबांचा (घरात त्यांना आबा म्हणायचे) गावात मान. पंधरा-वीस वर्षं न चुकता वारी. मला बघून आधी सगळे खूष झाले, चहा आला, प्रिंट हातोहात फिरली. मग थोरल्या मुलाने अहवाल उचलला. तो शिकलेला, शाळेवर शिक्षक. त्याने खालची ओळ वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग शांतपणे म्हणाला, "सर, आमच्या आबांनी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, ओळ मी लिहिलेली नाही, संस्थेने लिहिली. तो म्हणाला, "पण फोटो तर तुमचाच हाय ना?"

आबा मात्र फोटोकडे बराच वेळ बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्या माऊलीनं मला रेनकोट दिला. मग आम्ही एकमेकाच्या पाया पडलो. ते कुठं हाय?"

ते माझ्या हार्ड डिस्कवर होतं, "रिजेक्ट" नावाच्या फोल्डरमध्ये.

जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर साजूक तूप. निघताना पाच-सहा किलो ज्वारी पिशवीत भरून दिली, नको नको म्हणत असताना. मी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. तेव्हा कुणी समोरून फोटो काढला असता तर खाली कुठलीही ओळ छापता आली असती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण फोटो काढणार्‍या आमच्या जमातीबद्दल माझं जे मत आहे ते त्या ओसरीवर बनलं. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. अगदी बरोबर, आबांनी हात पुढे केले होतेच. पण एका सेकंदाच्या पाचव्या भागाने तोच प्रसंग सेवा होता आणि त्याच्या आधी तो भीक दिसत होता, आणि त्यातलं काय ठेवायचं हे मी ठरवलं. चांगलं कंपोझिशन म्हणून ठरवलं, मनात वाईट काही नव्हतं. मला वाटतं हेच जास्त काळजीचं आहे. आपल्या डोळ्यांना चांगली फ्रेम म्हणजे काय हेच मुळी असं शिकवलं गेलंय की देणारा वर आणि घेणारा खाली.

मोठ्या लोकांचंही यातून सुटलेलं नाही. स्टीव्ह मॅकरीचा तो हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो सगळ्यांना माहीत आहे. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला, जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेला. जगभर तो चेहरा पोचला आणि त्या मुलीचं नाव २००२ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. शरबत गुला. तोवर तिने स्वतः तो फोटो पाहिलेलाही नव्हता. सतरा वर्षं! आमच्या पिढीतल्या निम्म्या हौशी फोटोग्राफरांनी तो फोटो बघून कॅमेरा घेतला असेल, मी तर नक्कीच.

याच्या उलट लुईस हाइन. १९०८ पासून अमेरिकेत कारखान्यांत, खाणींत राबणार्‍या मुलांचे त्याने फोटो काढले, आणि बालमजुरीविरुद्धच्या कायद्यांसाठी जनमत तयार व्हायला त्यांचा मोठा उपयोग झाला. म्हणजे दुःखाचे फोटो काढूच नयेत असं मला म्हणायचं नाही. पण हा माणूस मुलांची नावं, वयं लिहून घ्यायचा. उंची मोजायला स्वतःच्या वेस्टकोटची बटणं वापरायचा, कितव्या बटणापर्यंत पोर येतं ते बघून. त्याच्या फोटोखाली "गरजू बालक" नसायचं. अमुक नाव, अमुक वय, अमुक गिरणी, असं असायचं.

माझा एक जुना मित्र आदिवासी पाड्यांवर शाळेचं काम करतो. त्याला मी हे सगळं ऐकवलं तर तो भडकला. म्हणाला, "तुझं ठीक आहे, तुला तत्त्वं परवडतात. मला दर मार्चला हिशोब द्यावा लागतो. देणगीदार विचारतात, वह्या पोचल्या कशावरून? फोटो पाठवा. आणि हसर्‍या मुलांच्या फोटोला पैसे येत नाहीत रे, केविलवाण्या फोटोला येतात." यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. त्याच्या शाळेत पोरं शिकताहेत, माझ्या तत्त्वावर एकही शिकत नाहीये. मी त्याला वह्यांच्या गठ्ठ्यांचे, सह्यांच्या रजिस्टरचे, वर्गात पाठमोर्‍या बसलेल्या मुलांचे फोटो काढून दिले. त्याने वापरले. त्या वर्षी देणग्या थोड्या कमी आल्या असं तो म्हणतो. मला टोचायला म्हणतो की खरंच, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

तरीसुद्धा मला वाटतं की पावती घेणार्‍याच्या चेहर्‍यावर फाडू नये. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी राजस्थानात अजमेर जिल्हा प्रशासनाला अन्नवाटपाचे फोटो काढायला बंदी करावी लागली होती. भुकेल्या माणसाला पाकीट घेण्याआधी कॅमेर्‍याकडे बघावं लागत होतं आणि ते थांबवायला सरकारी हुकूम लागला. अशा वेळी नको म्हणायची सोय त्याला असते का? परवानगी विचारली तरी हातात पाकीट धरून विचारलेल्या परवानगीला काय अर्थ आहे?

मी स्वतःपुरते दोन-तीन नियम केलेत. वाटप चालू असताना कॅमेरा पिशवीत. प्रवासात कुणाचा फोटो काढला तर आधी पाच मिनिटं बोलायचं, नाव विचारायचं, आणि प्रिंट पाठवायची. पाठवतो म्हणून न पाठवण्यात आम्ही लोक फार पटाईत, म्हणून एक वही केली आहे. नाव, गाव, पिनकोड. त्यात आजही अकरा प्रिंट्स बाकी आहेत. २००९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जेरेमी कावर्ट नावाच्या फोटोग्राफरने 'हेल्प-पोर्ट्रेट' म्हणून एक उपक्रम सुरू केला. ज्यांना स्टुडिओत जाऊन फोटो काढणं परवडत नाही त्यांचे चांगले फोटो काढायचे, छापायचे आणि त्यांनाच द्यायचे. माझ्या बावळटपणाच्याच वर्षी कुणीतरी इतकं साधं काही करत होतं, हे वाचून मला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

वहीमुळे फोटो कमी झाले, हे खरं. कॅंडिड म्हणतात तसे तर फारच थोडे. नाव विचारलेला माणूस सावरून बसतो, बटण लावतो, केसावरून हात फिरवतो, आणि तुमची 'नैसर्गिक' फ्रेम गेली. पूर्वी मला याचा वैताग यायचा.

आबांनीही तेच केलं होतं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हणाले, आता आलाच आहात तर एक नीट फोटो काढा. आत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, फेटा, हातात काठी, आणि शेजारी बैलजोडी हवी म्हणाले. बैल आणायला धाकटा रानात गेला. दुपारचं टळटळीत ऊन, डोळ्याखाली काळ्या सावल्या, एक बैल सारखा मान फिरवतोय. फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही असा फोटो. आबा ताठ उभे, सरळ लेन्समध्ये बघत. पुण्याला येऊन बारा बाय अठराची प्रिंट केली आणि पोस्टाने पाठवली. सोबत ती हललेली, काकांच्या टकलाची फ्रेमही छोटी करून टाकली.

२०१६ साली थोरल्याचा फोन आला. आबा गेले होते. पेपरात द्यायला आणि भिंतीवर लावायला फोटो हवा होता, जुन्या प्रिंटला ओल लागली होती. मी विचारलं, बैल कापून फक्त चेहरा देऊ का? तो म्हणाला, "पेपरासाठी कापा. घरातल्याला बैल राहू द्या. आणि सर, ती दुसरी पण पाठवा, पाया पडतानाची. ती देवघरात होती."