शब्दाचा चट्टा

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. डाव्या कोपराखाली फिकट चट्टा होता. खाज नाही, वेदना नाही. त्यांना डोळे मिटायला सांगून मी कापसाचे टोक चट्ट्यावरून फिरवले. "लावा ना," त्या म्हणाल्या. कापूस तोवर फिरवून झाला होता. करंगळी आणि अनामिका किंचित वाकू लागल्या होत्या. चट्टा दोन वर्षांपासून होता. निघताना त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, ते नाही ना?"

बाई शाळेत मराठी शिकवतात; तरी त्या रोगाचे नाव त्यांच्या ओठांवर आले नाही.

पुढे त्यांनीच सांगितले. रात्री जेवताना घरात दूरचित्रवाणी चालू असे. चर्चेत कोणी तरी भ्रष्टाचाराला 'समाजाला जडलेला महारोग' म्हणे आणि सासरे मान डोलावत. सासऱ्यांच्या मनात सुनेविषयी काहीच नव्हते. पण वाढणाऱ्या हातावरचा पदर त्या दिवसापासून खाली सरकला नाही. चट्टा दाखवण्यापेक्षा झाकणे त्यांना सोपे वाटले.

'महारोग' या शब्दामागची कथा उद्बोधक आहे. सुश्रुतसंहितेत बरे करण्यास कठीण अशा आठ महाव्याधी सांगितल्या आहेत. त्यांत कुष्ठ आहे, तसाच प्रमेह आहे आणि मूळव्याधही आहे. मधुमेह हा त्या प्रमेहाचाच एक प्रकार. म्हणजे ग्रंथात मधुमेह आणि कुष्ठ एकाच पंगतीला बसले होते. आज लग्नाच्या पंगतीत "मी मधुमेही आहे, जिलबी नको" असे आपण मोठ्याने सांगतो. 'मधुमेही' आणि 'महारोगी' या शब्दांचे व्याकरण एकच. एका शब्दाने मात्र माणूस पानावरून उठत नाही. दुसऱ्याने तो गावाबाहेर गेला. तेव्हा दोष प्रत्ययाचा नाही, शब्दाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जे चिकटवले त्याचा आहे. हा शब्द सेवाभावी माणसांनीही वापरला. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यात उभ्या केलेल्या संस्थेचे नावही 'महारोगी सेवा समिती' असेच आहे. त्या काळी हा शब्द रूढ होता.

शब्दाचे सामर्थ्य पाहायचे तर 'श्वेतकुष्ठ' पाहावे. कोड हा त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार. तो संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. तरी नावात 'कुष्ठ' आले आणि त्याबरोबर भीतीही आली.

वृत्तपत्रांचे आणि वाहिन्यांचे वळणही तपासून पाहावे. सर्वेक्षणाच्या बातमीत 'संशयित सापडले' असे छापले जाते. हाच शब्द त्याच पानावर चोरीच्या बातमीतही असतो. सोबत छायाचित्र येते ते बहुधा झडलेल्या बोटांचे. त्यामुळे वाचकाच्या मनात रोगाचे चित्र त्याच्या शेवटच्या, उपचाराविना राहिलेल्या अवस्थेचे ठसते. साध्या फिकट चट्ट्याला तो ओळखत नाही, आणि ओळखलेच तर घाबरून लपवतो.

वास्तव वेगळे आहे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जीवाणू शोधला. हा शाप नव्हे, पाप नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. हस्तांदोलनाने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासातच तो लागू शकतो. बोटे रोगाने गळून पडत नाहीत. संवेदना गेल्याने भाजणे-कापणे कळत नाही, जखमा चिघळतात आणि हानी होते. बहुविध औषधोपचार १९८१ पासून उपलब्ध आहे. रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने संपतो. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

कायदाही उशिरा जागा झाला. १८९८ चा 'लेपर्स ॲक्ट' २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये वगळले गेले. नावाचा विचार जगात त्याआधीच झाला होता. १९४८ साली हवानातील आंतरराष्ट्रीय परिषदेने 'लेपर' हा शब्द टाकून द्यावा असे ठरवले. ब्राझीलने १९९५ मध्ये कायदा करून शासकीय व्यवहारात रोगाला हॅन्सनचे नाव दिले. नाव बदलले की मन आपोआप बदलते असे नाही. पण जुने नाव उच्चारताना जीभ अडखळली, तर मनाला विचार करायला क्षणभर मिळतो.

घरी आपण काय करू शकतो? कोणत्याही दुर्गुणाला रोगाचे नाव देऊ नये. उपचार चालू असेल त्याला 'कुष्ठरुग्ण' म्हणावे. बरा झाला की तो रुग्णही नाही, मग त्याला केवळ त्याच्या नावाने हाक मारावी. टायफॉइड बरा झालेल्या माणसाला आपण आयुष्यभर टायफॉइडचा रोगी म्हणत नाही. मुलांसमोर बातमी वाचताना अशी भाषा आली, तर तिथेच थांबून बोलावे. आणि अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर घरात कोणालाही तो निर्भयपणे दाखवता यावा, इतके आपले बोलणे स्वच्छ असावे.

त्या शिक्षिकांच्या पाठीवरही काही चट्टे निघाले होते. बारा महिन्यांचा उपचार त्यांनी नेमाने पूर्ण केला आणि त्या रोगमुक्त झाल्या. औषध सुरू झाले त्याच आठवड्यात सासऱ्यांना त्यांनी स्वतःच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" व्यायामाने बोटे पुष्कळ सुधारली, करंगळीत थोडा बाक मात्र राहिला. दोन वर्षे आधी त्या आल्या असत्या, तर बहुधा तोही राहिला नसता.