दुकानातला संगणक बिलापुरताच का?

भंडाऱ्याची पितळी भांडी, तुमसरचा तांदूळ, आंधळगावचा कोसा ही आपल्या जिल्ह्याची ओळख. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. लागू झाला आणि बऱ्याच दुकानांत संगणक आला. पण त्यावर बिल निघते, विवरणपत्र भरले जाते आणि पडदा काळा होतो. बारीकसारीक बदल करायचा म्हटला की नागपूरहून माणूस बोलवा आणि तो मागेल ती रक्कम मोजा. ही परावलंबी अवस्था व्यापारी बांधवांनी मनावर घेतली तर संपू शकते, असे आम्हांस वाटते.

पितळाचेच उदाहरण घेऊ. मोड वितळवताना त्यातील जस्त काही प्रमाणात उडून जाते आणि घट येते. समजा, ५०० रुपये किलोने घेतलेल्या १०० किलो मोडीतून ९६ किलो माल निघाला. त्या मालाची किंमत मजुरीआधीच किलोमागे ५२० रुपये ८३ पैसे पडली. प्रत्येक भट्टीची घट वेगळी असते, पण ती लिहून ठेवतो कोण? हा हिशेब ठेवणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम कॉलेजात जाणारी आपली मुलगी किंवा मुलगा लिहू शकतो.

त्यासाठी लागणारी अवजारे फुकट आहेत. पायथन ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिला आजही परवाना शुल्क नाही. विंडोज असेल तर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच इन्स्टॉलर घ्यावा. त्याच्या पहिल्या पडद्यावर तळाशी ‘पाथ’संबंधी एक चौकट असते, तिच्यावर खूण करावी. ती राहून गेली की आज्ञा लिहूनही संगणकाला पायथन सापडत नाही आणि नवशिका तिथेच कंटाळतो.

जुन्या मशीनची गोष्ट वेगळी. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि पायथनची ३.९ पासूनची रूपे तिच्यावर चालत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी मशीन भंगारात घालण्याआधी तिच्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली टाकून पाहावी. उबुंटूत पायथन आधीपासूनच असते. ते काढून टाकू नये, कारण प्रणालीची स्वतःची कामेही त्यावर चालतात. सी भाषेची अवजारे एका आज्ञेने उतरवता येतात. ॲपलच्या संगणकावर कंपनीचीच ‘कमांड लाइन टूल्स’ विनामूल्य मिळतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या मशीनवर दुकानाच्या वह्या आहेत, तिच्यावर प्रयोग नको. हिशेबाची बरीच पॅकेजेस विंडोजवरच चालतात. आधी साऱ्या हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि शिकण्यासाठी दुसरी, जुनी मशीन द्यावी.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, चोरटी प्रत पन्नास रुपयांत मिळते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे जाणूनबुजून असा प्रोग्रॅम वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याची भीती असतेच. मापात काटा न मारणाऱ्या दुकानदाराने इथेही इमान राखावे.

शिकवणार कोण, हा प्रश्नही अडण्यासारखा नाही. मुंबईच्या आय. आय. टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे विनामूल्य आहेत आणि त्यांपैकी अनेक मराठीत ऐकता येतात. आमची सूचना एवढीच : मोहल्ल्यातील चार-पाच दुकानदारांनी मिळून एक जुनी मशीन मुलामुलींच्या हवाली करावी आणि त्यांना पहिले काम आपल्याच धंद्यातले द्यावे. घटीचा हिशेब घरातच होऊ लागला, की मालाचा भाव सांगताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.